साक्षीला उभा राहिलेला डॉक्टर

१० जुलै १९६३ रोजी चंद्रिकाबाई बाळंतपणासाठी औरंगाबादच्या सरकारी प्रसूती रुग्णालयात दाखल झाल्या. घरी आधीची मुलं होती. या खेपेला बाळंतपण झालं की लगेच कुटुंब नियोजनाचं ऑपरेशनही उरकून घ्यायचं, हे ठरवूनच त्या आल्या होत्या. बाळंतपण झालं आणि १३ जुलैला ऑपरेशनही झालं. अकरा दिवसांनी, २४ जुलैला, त्या वारल्या.

त्यांचे पती अच्युतराव हरिभाऊ खोडवा आणि मुलं न्यायालयात गेली. त्या दाव्याचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी १९९६ रोजी दिला. तेहतीस वर्षं पुरी व्हायला काही महिने कमी होते. 'अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हे नाव आज कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतं. ज्या बाईच्या मृत्यूवरून हा सगळा कायदा घडला, तिचं नाव मात्र क्वचितच कोणी घेतं. म्हणून या लेखाची सुरुवात तिच्यापासून केली.

औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झालं. मराठवाडा तेव्हा नुकताच निजामाच्या राजवटीतून बाहेर आला होता. आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या बायका पूर्वी गावच्या सुईणीच्या भरवशावर बाळंत होत, त्या आता 'मोठ्या दवाखान्यात' येऊ लागल्या होत्या. देशाचा कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम १९५२ पासून सुरू होता. महाराष्ट्राला हा विषय नवा नव्हता, कारण र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ सालीच संततिनियमनाचं केंद्र उघडलं होतं. कर्व्यांच्या वाट्याला लोकांच्या शिव्या आल्या. तीस वर्षांनी तेच काम सरकारचं धोरण झालं आणि बायका विश्वासाने ऑपरेशनला येऊ लागल्या. सरकारने सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, शेजारणीने करून घेतलं, तिला काही झालं नाही. विश्वास बसायला एवढं पुरेसं होतं.

आणि ऑपरेशन खरोखरच सोपं असतं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत गर्भाशय अजून बेंबीच्या आसपास असतं, त्यामुळे गर्भनलिका हाताला लगेच लागतात. बेंबीखाली लहानसा छेद घ्यायचा, दोन्ही नलिका बाहेर ओढून बांधायच्या, मधला तुकडा कापायचा आणि पोट शिवायचं. हे ऑपरेशन सुरक्षित आणि झटपट होणारं आहे, याबद्दल पुढे न्यायालयातही दोन्ही बाजूंचा वाद नव्हता. बाई आजारी नसते. रोग काढायला ती टेबलावर चढलेली नसते. ती धडधाकट असते आणि घरच्यांना 'दोन-चार दिवसांत येते' असं सांगून आलेली असते. अशा ऑपरेशनमधल्या मृत्यूचा धक्का वेगळा असतो. मरणाची शंकासुद्धा कोणाच्या मनाला शिवलेली नसते.

१३ तारखेनंतर चंद्रिकाबाईंना जोराचा ताप भरला आणि पोटात असह्य वेदना सुरू झाल्या. एवढ्याशा ऑपरेशननंतर असं व्हायला नको होतं. १५ जुलैला अच्युतराव रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेले, आणि त्याच रुग्णालयाशी संबंधित असलेल्या एका नामांकित सर्जनकडेही. या सर्जनचा स्त्रीरोग विभागाशी थेट संबंध नव्हता. नवऱ्याच्या आग्रहावरून त्यांनी बाईंना तपासलं. कुटुंबाचं म्हणणं असं की पोट पुन्हा उघडून पाहायला हवं, हे त्यांनी त्याच दिवशी सुचवलं होतं. तसं झालं नाही. चार दिवस गेले. १९ तारखेला प्रकृती हाताबाहेर गेल्यावर त्यांना पुन्हा बोलावलं गेलं. त्यांनी जुनी जखम उघडली.

आत मॉप होता.

मॉप कसा असतो, हे माहीत नसेल तर पुढचा वाद कळणार नाही. पातळ सुती जाळीच्या कापडाच्या अनेक घड्या घालून शिवलेला तो चौकोनी टॉवेल असतो, हातरुमालाएवढा किंवा त्याहून मोठा. पोटाच्या ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला आणि आतडी बाजूला सारून धरायला तो वापरतात. कोरडा असताना पांढराशुभ्र दिसतो. रक्तात भिजला की त्याचा रंग, त्याचा मऊपणा आतड्यांत असा मिसळतो की समोर असूनही दिसत नाही. म्हणून त्याच्या एका कोपऱ्याला लांब फीत शिवलेली असते. मॉप आत गेला तरी फीत पोटाबाहेर ठेवायची आणि तिच्या टोकाला चिमटा लावून तो लोंबता सोडायचा, हा जुना शिरस्ता. दुसरा शिरस्ता मोजणीचा. ऑपरेशनआधी सिस्टर मॉप मोजते, पोट शिवायच्या आधी पुन्हा मोजते आणि मोठ्याने सांगते, 'काउंट बरोबर'. आकडा जुळला नाही तर टाका घालायचा नाही. दोन्ही गोष्टींना पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. लागतं ते एवढंच, की घाई असली, रात्र असली, पुढची बाई बाहेर स्ट्रेचरवर थांबलेली असली, तरी कोणीतरी थांबून आकडा म्हणायचा. मोजणी चुकली तर कापड पोटात राहतं. त्याच्याभोवती पू धरतो, तो पोटाच्या आवरणात पसरतो आणि त्याचा पेरिटोनायटिस होतो.

त्या सर्जनने पू काढला, पोट साफ केलं आणि शिवलं. पण उशीर झाला होता. पाच दिवसांनी चंद्रिकाबाई गेल्या.

इथपर्यंतची हकिगत दुर्दैवाने अनेक कुटुंबांची आहे. औरंगाबादच्या खटल्याचं वेगळेपण इथून पुढे आहे. पोटात मॉप सापडला हे जगाला कळायला तो शोधणाऱ्याने तसं सांगावं लागतं. पोट उघडतं तेव्हा नातेवाईक दाराबाहेर बसलेले असतात. आत काय निघालं हे आतल्या चार-सहा माणसांनाच माहीत असतं आणि ती सगळी एकाच रुग्णालयाची, एकाच पेशाची असतात. या सर्जनने सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, तर दाव्यात वादींच्या बाजूने, साक्षीदार क्रमांक दोन म्हणून उभं राहून शपथेवर सांगितलं. आपल्याच संस्थेतल्या ऑपरेशनबद्दल, आपल्याच सहकाऱ्यांच्या समोर. या एका साक्षीवाचून अच्युतरावांच्या हाती काय होतं? बायकोचा ताप, तिच्या वेदना आणि मनातला संशय. संशयावर हुकूमनामा होत नाही.

डॉक्टरविरुद्धच्या खटल्यांचा आपल्याकडचा इतिहास कायद्याच्या पुस्तकातून वाचला, तर तो कलमांचा आणि तत्त्वांचा वाटतो. मला मात्र त्याच्या मुळाशी प्रत्येक वेळी एक बोलणारा डॉक्टर दिसतो. तो असेल तर न्याय मिळण्याची शक्यता असते. नसेल तर कायदा कितीही चांगला असो, माणूस रिकाम्या हातांनी घरी जातो. या विधानाला आधार म्हणून आणखी दहा वर्षं मागे जावं लागेल, कोकणात.

६ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर, दिवेलागणीच्या सुमारास, वीस वर्षांच्या आसपासच्या एका मुलाला अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. नाव आनंद. वडील डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले स्वतः डॉक्टर होते. गावात मिळाली ती मदत एवढीच की पायाला लाकडी फळ्या बांधून तो हलू दिला नाही. रुग्णवाहिका मिळेना. शेवटी टॅक्सी ठरवून सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करत मुलाला पुण्याला आणलं. त्या काळचे रस्ते, कोकणातून वर घाट, मेचा उन्हाळा आणि मोडलेली मांडी. ९ मे रोजी पुण्यात आधी एका रुग्णालयात क्ष-किरण फोटो काढला आणि मग शहरातल्या एका नावाजलेल्या अस्थिशल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात त्याला दाखल केलं.

तिथे त्याला मॉर्फियाचं इंजेक्शन दिलं. दोन द्यायची होती, एकच दिलं गेलं. मग ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन पाय ओढून, हाड जागेवर बसवून प्लास्टर घातलं. संध्याकाळी सातपर्यंत मुलगा मॉर्फियाच्या अमलातून बाहेर येईल, असं आश्वासन मिळाल्यावर वडील दौंडला निघून गेले. आई मुलाजवळ राहिली. साडेसहाच्या सुमारास तिच्या लक्षात आलं की त्याला श्वास घ्यायला त्रास होतोय, खोकला येतोय. धावपळ झाली, तातडीचे उपचार झाले, आणि रात्री नऊला आनंद गेला. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं गेलं फॅट एम्बोलिझम, म्हणजे मोडलेल्या हाडातली चरबी रक्तात मिसळून फुप्फुसात अडकणं. मांडीचं हाड मोडल्यावर असं होऊ शकतं. आणि तसं झालं असेल, तर त्यात डॉक्टरचा दोष धरता येत नाही.

दुसरा कुठला बाप असता तर त्याने तो दाखला घडी घालून पेटीत ठेवला असता आणि नशिबाला बोल लावला असता. हा बाप डॉक्टर होता. मॉर्फियाने दुखणं बोथट होतं, भूल चढत नाही, हे त्याला कळत होतं. इतक्या लांबच्या प्रवासाने थकलेल्या मुलाचा पाय पुरेशी भूल न देता जोर लावून ओढला तर शरीर धक्क्यात जातं, हेही त्याला कळत होतं. गोडबोले दांपत्याने १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली पुण्याच्या न्यायालयात दावा लावला. सर्जनचं म्हणणं होतं की हाड बसवणं त्यांनी पुढे ढकललं होतं आणि त्या दिवशी पाय नुसता स्थिर केला होता. खालच्या न्यायालयाने ते मानलं नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही मानलं नाही. २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्जनचं अपील फेटाळलं. भरपाई होती तीन हजार रुपये.

तीन हजारांसाठी कोणी पंधरा वर्षं लढत नाही. आपला मुलगा फॅट एम्बोलिझमने गेला नाही, एवढं एक वाक्य त्यांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या कागदावर हवं होतं. ते त्यांनी मिळवलं. सोबत देशालाही काही मिळालं. न्यायमूर्ती शेलत यांनी लिहिलेल्या त्या निकालात डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली आहेत: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणते उपचार करायचे हे ठरवताना काळजी आणि ते उपचार प्रत्यक्ष करताना काळजी. डॉक्टरने जगातलं सर्वोच्च कौशल्य दाखवावं अशी अपेक्षा कायदा करत नाही, पण फार खालचं कौशल्यही चालवून घेत नाही. वाजवी काळजी हवी. 'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले' हा निकाल आजही भारतातल्या अशा प्रत्येक खटल्यात पहिल्या काही पानांत येतो.

औरंगाबादचा दावा उभा राहिला तेव्हा गोडबोल्यांचा खटला अजून वरच्या न्यायालयात चालू होता. खोडवा कुटुंबात कोणी डॉक्टर नव्हता. पण त्यांच्याकडे मॉप होता आणि तो बाहेर काढणारा साक्षीदार होता. पोटात विसरलेल्या कापडाचा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयांपुढेही येऊन गेला होता. १९३९ च्या 'माहोन विरुद्ध ऑस्बर्न' या खटल्यात जठराजवळच्या फुटलेल्या अल्सरच्या ऑपरेशनमध्ये पोटात कापड राहिलं होतं आणि रुग्ण दगावला होता. प्रश्न असा पडला की कापड पोटात राहिलं, एवढ्यावरूनच निष्काळजीपणा मानायचा का. तिथल्या अपील न्यायालयातल्या न्यायाधीशांचं त्यावर एकमत झालं नाही. एकाचं मत पडलं की सर्जनवर मोजण्याची जबाबदारी आहे आणि कापड आत राहणं पुरेसं बोलकं आहे. दुसऱ्याला वाटलं की ऑपरेशन टेबलावरच्या गुंतागुंतीत असं सरसकट म्हणता येणार नाही. वीस-पंचवीस वर्षांनी तोच प्रश्न मराठवाड्यात आला.

औरंगाबादच्या दिवाणी न्यायालयाने दावा मान्य केला आणि ३६ हजार रुपयांचा हुकूमनामा दिला. सरकार अपिलात गेलं आणि उच्च न्यायालयाने तो हुकूमनामा रद्द केला. डॉक्टरांचा दोष पुरेसा सिद्ध होत नाही, आणि सरकारी रुग्णालयात झालेल्या अशा चुकीसाठी सरकारला जबाबदार धरता येत नाही, असं त्या निकालाचं सार होतं. मॉप पोटात राहिला होता आणि सर्जनने तो काढला होता, हे तर सगळ्यांच्या समोर होतं. तरी खोडवा कुटुंब हरलं.

सरकार जबाबदार नाही हा विचार कुठून आला, त्याचीही एक हकिगत आहे आणि तिचा दवाखान्याशी काही संबंध नाही. सप्टेंबर १९४७ मध्ये मेरठच्या पोलिसांनी अमृतसरच्या एका सराफाला चोरीच्या मालाच्या संशयावरून पकडलं आणि त्याच्याजवळचं सोनं-चांदी जप्त केलं. ठाण्याच्या कोठारात ठेवलेलं ते सोनं एका हेड कॉन्स्टेबलने लांबवलं आणि तो पाकिस्तानात निघून गेला. सराफ सुटला आणि सोनं परत मागू लागला. १९६४ साली 'कस्तुरीलाल' खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की अटक आणि जप्ती ही राज्याची सार्वभौम कामं आहेत, त्यांत नोकराने केलेल्या चुकीची भरपाई राज्याकडून मागता येत नाही. राजा चूक करत नाही, या जुन्या इंग्रजी समजुतीची ही सावली होती. एका पळपुट्या हवालदारामुळे निघालेलं हे तत्त्व पुढे तीस वर्षं कुठे कुठे आडवं आलं, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. बाळंतिणीच्या पोटात टॉवेल विसरण्यात कसली सार्वभौम सत्ता, असा साधा प्रश्न कोणालाही पडेल. पण न्यायालयाच्या कागदावर या प्रश्नाचं उत्तर यायला १९९६ साल उजाडावं लागलं.

मधल्या काळात बाहेरचं जग बदललं होतं. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. दिवाणी दाव्यात मागाल त्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते. ग्राहक मंचात सुरुवातीला फीच नव्हती. वकील न देताही तक्रार मांडता येत होती. लोक डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारी घेऊन तिकडे जाऊ लागले, तसे वैद्यकीय क्षेत्रात तीव्र पडसाद उमटले. आमची सेवा म्हणजे दुकानदारी नव्हे, आमच्यावर ग्राहक कायदा लावू नका, असं डॉक्टरांच्या संघटनांचं म्हणणं होतं. सगळे डॉक्टर त्या बाजूला नव्हते. मुंबईत डॉ. अरुण बाळ हे स्वतः सर्जन असलेले गृहस्थ 'आकाश' या संस्थेतून रुग्णांच्या बाजूने बोलत होते, आणि त्या दिवसांत हे सोपं नव्हतं. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न निकाली काढला. पैसे घेऊन उपचार करणारा डॉक्टर आणि रुग्णालय ग्राहक कायद्याखाली येतात. जिथे काहींकडून पैसे घेतले जातात आणि काहींवर मोफत उपचार होतात, तिथले मोफत रुग्णही येतात. मात्र जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, ती रुग्णालयं या कायद्याच्या बाहेर. नोंदणीचे दोन-पाच रुपये घेतले म्हणून त्यात फरक पडत नाही.

ही शेवटची ओळ नीट वाचली की मन अस्वस्थ होतं. चंद्रिकाबाई ज्या प्रकारच्या रुग्णालयात गेल्या, तशा रुग्णालयांतल्या रुग्णांसाठी हा दरवाजा उघडलाच नाही. गरिबाला मोफत उपचार मिळतात म्हणून त्याला स्वस्त न्याय मिळणार नाही, असा त्याचा व्यवहारातला अर्थ झाला.

त्यानंतर तीन महिन्यांनी खोडवा निकाल आला. सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी स्वच्छ सांगितल्या. पहिली, पोटात मॉप राहणं आणि त्यातून पू होऊन मृत्यू येणं ही घटनाच बोलकी आहे. अशा वेळी वादीने प्रत्येक हालचाल सिद्ध करत बसायची गरज नाही, आम्ही काळजी घेतली होती हे समोरच्यांनी दाखवायचं. दुसरी, रुग्णालय चालवणं हे सरकारचं कल्याणकारी काम आहे. ते सरकारशिवाय इतरही करतात, म्हणून ते सार्वभौम सत्तेचं काम ठरत नाही. डॉक्टर किंवा कर्मचारी चुकला तर सरकार जबाबदार. नेमकं कोण चुकलं हे दाखवता आलं नाही तरीही जबाबदार, कारण ती सगळी माणसं सरकारची होती. उच्च न्यायालयाचा निकाल रद्द झाला आणि ३६ हजारांचा जुना हुकूमनामा पुन्हा उभा राहिला. १९६३ च्या ३६ हजारांत आणि १९९६ च्या ३६ हजारांत केवढं अंतर होतं, हे त्या काळात महिन्याचा किराणा भरलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. जन्मानंतर दोन आठवड्यांत आईला मुकलेलं मूल तोवर तेहतिशीला आलं असणार.

त्याच निकालात न्यायालयाने डॉक्टरांची बाजूही मांडली आहे आणि ती विसरणं योग्य होणार नाही. वैद्यकीय मतं वेगवेगळी असतात, कौशल्य कमी-अधिक असतं. डॉक्टरने वाजवी काळजी घेतली असेल आणि तरी रुग्ण दगावला, तर न्यायालयाने त्याला दोषी ठरवताना घाई करू नये. हे खरंच आहे. ऑपरेशन म्हटलं की धोका आला. भूल सोसली नाही, रक्ताची गाठ फुप्फुसात गेली, आधी न कळलेला हृदयविकार निघाला, अशा कारणांनी सोप्या ऑपरेशनमध्येही माणसं जातात आणि त्यात कोणाचाच दोष नसतो. रुग्ण दगावला की दवाखान्याच्या काचा फोडणारा जमाव आणि दाव्यासाठी तेहतीस वर्षं थांबणारा नवरा, यांच्यात मी कोणाच्या बाजूने आहे हे सांगायला नको. पण काचा फुटतात त्या न्यायाचा रस्ता इतका लांब असल्यामुळेही फुटतात, हे वैद्यकीय संघटनांनी मान्य करायला हवं.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९९६ सालीच मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा प्रकरणात सांगितलं की रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना केसपेपरच्या प्रती मिळाल्या पाहिजेत. त्याआधी रुग्णाचे कागद ही रुग्णालयाची खाजगी मालमत्ता असल्यासारखं वागलं जाई. ५ ऑगस्ट २००५ च्या 'जेकब मॅथ्यू' निकालाने फौजदारी खटल्यांना लगाम घातला. डॉक्टरवर गुन्हा चालवायचा तर हयगय ढोबळ स्वरूपाची हवी, आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचं, निष्पक्ष मत घ्यावं. हेतू चांगला होता, ऊठसूट डॉक्टरांना अटक होऊ नये हा. पण त्यामुळे सगळं पुन्हा तिथेच येऊन थांबतं: दुसरा डॉक्टर खरं बोलेल का?

आपल्या देशातली सगळ्यात मोठी वैद्यकीय भरपाई कोणी मिळवली, हेही पाहण्यासारखं आहे. १९९८ साली कोलकात्यात चुकीचे उपचार झाल्यावर मुंबईला हलवलेल्या आणि इथेच वारलेल्या एका तरुण स्त्रीच्या पतीला सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सहा कोटींच्या आसपास भरपाई दिली. ते पती, कुणाल साहा, स्वतः अमेरिकेत राहणारे डॉक्टर. पंधरा वर्षं त्यांनी वैद्यकीय ग्रंथ समोर ठेवून लढा दिला आणि परदेशी तज्ज्ञांची मतं आणली. १९५३ चे गोडबोले आणि १९९८ चे साहा, दोघेही डॉक्टर, दोघांनाही समोरच्याने काय केलं ते वाचता येत होतं.

आणि नसबंदीच्या ऑपरेशनचं काय झालं? खोडवा निकालानंतर अठरा वर्षांनी, ८ नोव्हेंबर २०१४ रोजी, छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ एका बंद पडलेल्या खाजगी रुग्णालयाच्या इमारतीत शिबिर भरलं. एकाच सर्जनने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली. त्यांतल्या डझनभर जणी दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच 'रमाकांत राय' प्रकरणात नसबंदीसाठी पात्र डॉक्टरांची यादी, तपासणीचा तक्ता आणि विमा सक्तीचा केला होता. कागदावर सगळं होतं. 'देविका बिस्वास' प्रकरणात १४ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर आणि उदय लळीत यांच्या खंडपीठाने ही शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. शिबिरात काउंट म्हणायला वेळ नसतो. टेबलावरच्या बाईआधी बासष्ट झालेल्या असतात आणि वीस रांगेत असतात. या बायका गरीब घरांतल्या होत्या, बऱ्याचशा दलित, आदिवासी आणि मागास समाजांतल्या. त्यांच्या घरी डॉक्टर नव्हता.

२०१९ चा नवा ग्राहक कायदा आला तेव्हा त्यात आरोग्यसेवेचा वेगळा उल्लेख नव्हता. म्हणून डॉक्टर आता त्यातून सुटले, असा दावा पुन्हा केला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो फेटाळला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तोच निर्णय कायम ठेवला. मोफत सेवेचा अपवाद मात्र जसाच्या तसा आहे.

हा लेख वाचणाऱ्यांत डॉक्टर असतील, तर माझं त्यांना एकच मागणं आहे. सहकाऱ्याच्या हातून झालेल्या ऑपरेशनमध्ये मॉप सापडला, तर तो नोंदवा. बोलावलं तर साक्षीला जा. औरंगाबादच्या त्या सर्जनने हे केलं. त्यांच्या मागे तेव्हा ना रुग्णहक्कांची चळवळ होती, ना ग्राहक कायदा.

आणि इतरांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. ऑपरेशननंतर घरातलं माणूस अचानक गेलं आणि मनात शंका असेल, तर शवविच्छेदनाची मागणी करा. त्या क्षणी ती नको वाटते, पण नंतर कारण सांगणारा दुसरा कागद मिळत नाही. केसपेपरसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे प्रती ७२ तासांत मिळायला हव्यात आणि डॉक्टरने कागद तीन वर्षं जपायला हवेत. रुग्णालय पैसे घेणारं असेल तर ग्राहक आयोगात जा. पूर्णपणे मोफत सरकारी रुग्णालय असेल, तर आजही अच्युतरावांसारखं दिवाणी न्यायालयातच जावं लागतं. मुदत दोन्हीकडे दोन वर्षांची आहे, आणि दिवाणी दाव्यात ती मृत्यूच्या दिवसापासून मोजतात.